ॲड्रेस सॅनिटायझर: ज्याचं पाप त्याच्याच पदरात टाकणारं टूल

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली येईलच. सी आणि सी प्लस प्लस मध्ये रोज काम करणाऱ्यांसाठी लिहितोय, पण दुसऱ्या भाषेत काम करत असाल तरी वाचा कारण शेवटी गो आणि रस्टवर पण आलोय. ॲड्रेस सॅनिटायझर, सगळे त्याला एसॅन म्हणतात, हे प्रोग्रॅम चालताना मेमरीच्या चुका पकडणारं टूल आहे, पण ते काही वेगळं डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर नाही. क्लँग किंवा जीसीसी हा कंपाइलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा) असेल तर ते तुमच्या मशीनवर बहुतेक आत्ताही पडून आहे, जीसीसीत ४.८ पासून म्हणजे २०१३ पासून, आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्येही आता आहे. कंपाइल आणि लिंक करताना एक फ्लॅग द्यायचा, बस. आणि तरीही मी बघितलेल्या निम्म्याअधिक टीम्स ते वापरत नाहीत, नाव माहिती असतं पण "कधीतरी लावू" म्हणून राहून जातं. आमचंही तसंच राहिलं होतं.

काय झालं ते नीट सांगतो, कारण टूल काय करतं हे नुसतं वर्णन करून कळत नाही.

आमची एक सर्व्हिस आहे जी बाकी सर्व्हिसेसशी कनेक्शन्स उघडून ठेवते आणि मेसेज इकडून तिकडे पोचवते. ती आठवड्या-दोन आठवड्यातून एकदा पडायची. ठरावीक वेळ नाही, ठरावीक लोड नाही, रीस्टार्ट झाली की पुन्हा व्यवस्थित. कोअर डंप, म्हणजे पडतानाच्या मेमरीची फाइल, उघडला की दर वेळी एकच ठिकाण, लॉगर म्हणजे नोंदी लिहिणारा भाग. लॉगरचा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारी एक धार) रांगेतून एक रेकॉर्ड उचलतो, त्यातला एक पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता वाचतो, आणि तिथे सेगफॉल्ट, म्हणजे मनाई असलेल्या पत्त्याला हात लावल्याने प्रोग्रॅम पडणं. रजिस्टरमध्ये जो पत्ता दिसायचा तो कुठल्याच पत्त्यासारखा दिसत नव्हता, नल म्हणजे शून्य नाही, स्टॅकच्या (फंक्शनच्या तात्पुरत्या जागेच्या) आसपासचा नाही, हीपचा (मागून घेतलेल्या मेमरीचा) नाही, हेक्समध्ये एक ने सुरू होणारा भलामोठा आकडा. मग साहजिक सगळ्यांचा संशय लॉगरवर. लॉगर आमच्या एका सहकारीने लिहिलेला, ती बिचारी तीन आठवडे त्याच्यामागे होती, रांगेचं लॉकिंग तपासलं, रेकॉर्डची मालकी कुणाकडे जाते ते तपासलं, जिथे तिथे चेक टाकले, रांगेचा काही भाग तर पुन्हा लिहिला. क्रॅश थोडे कमी झाल्यासारखे वाटले आणि मग परत आले. तिला स्वतःच्या कोडवर विश्वास उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर आमचाही तिच्या कोडवर उरला नव्हता, ह्या गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

मग एसॅन लावायचं ठरलं. फ्लॅग, सोबत डिबग माहिती चालू, ऑप्टिमायझेशन पहिल्या पायरीवर, फ्रेम पॉइंटर काढू नको अशी सूचना, एवढंच. बिल्ड झाला, सगळ्या टेस्ट चालवल्या, आणि सगळ्या हिरव्या. एकही तक्रार नाही.

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात टूल बेकार आहे किंवा कोड स्वच्छ आहे. दोन्ही चूक. एसॅन फक्त तेवढंच बघतं जेवढं खरंच चालतं. जी ओळ चाललीच नाही तिच्याबद्दल ते एक अक्षर बोलणार नाही. मग आम्ही बसून विचार केला की प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या वापरात, असं काय घडतं जे टेस्टमध्ये घडत नाही. टेस्टमध्ये जास्तीत जास्त पाच कनेक्शन्स उघडत होती आणि समोरची बाजू कधीच मध्येच तुटत नव्हती. म्हणून एक वेगळी टेस्ट लिहिली, वीस कनेक्शन्स, आणि समोरून मुद्दाम अधूनमधून तोडायचं म्हणजे रीट्रायचा रस्ता चालेल. चाळीस सेकंदात प्रोग्रॅम थांबला आणि स्क्रीनवर लाल अक्षरात हीप यूज आफ्टर फ्री, म्हणजे फ्री केलेली, सोडून दिलेली हीपची जागा पुन्हा वापरली.

हा रिपोर्ट जवळून बघण्यासारखा असतो. पहिल्याच ओळीत प्रकार आणि पत्ता. त्याखाली, ८ बाइट लिहिण्याचा प्रयत्न झाला, कुठल्या थ्रेडने केला, आणि त्या क्षणाचा पूर्ण स्टॅक, म्हणजे कुठलं फंक्शन कुठून बोलावलं गेलं त्याची यादी, फाइल आणि ओळ क्रमांकासकट. मग, हा पत्ता ५१२ बाइटांच्या एका तुकड्यात १६८ बाइट आत आहे. मग दुसरा स्टॅक, हा तुकडा फ्री कुणी केला. मग तिसरा, हा तुकडा मुळात घेतला कुणी. मेमरीच्या बगमध्ये तुम्हाला नेमके हेच तीन प्रश्न पडलेले असतात आणि कोअर डंप त्यातल्या एकाचंही उत्तर देत नाही, तो फक्त चौथी गोष्ट सांगतो, की शेवटी पडलं कोण.

आमचे तीनही स्टॅक मिळून गोष्ट अशी होती. कनेक्शन्स एका व्हेक्टरमध्ये, म्हणजे वाढत जाणाऱ्या ॲरेत, ठेवलेली, प्रत्येक ६४ बाइटचं, आणि सुरुवातीला आठांची जागा राखून ठेवलेली, म्हणजे ५१२ बाइट. हँडलर, म्हणजे मेसेज हाताळणारा कोड, एका कनेक्शनचा रेफरन्स, म्हणजे त्याच्या जागेचा पत्ता, हातात धरून काम करतो. काम करताना समोरची बाजू तुटली असं दिसलं तर तिथूनच नवीन कनेक्शन उघडतो, ते त्याच व्हेक्टरच्या शेवटी जोडलं जातं. नववं कनेक्शन आलं की व्हेक्टरला जागा पुरत नाही, तो मोठी जागा घेतो, सगळं तिकडे हलवतो आणि जुनी ५१२ बाइटची जागा सोडून देतो. हँडलरच्या हातातला रेफरन्स मात्र अजून जुन्या जागेकडेच बोट दाखवतोय. आणि हँडलर शेवटच्या ओळीत "ह्या कनेक्शनवर शेवटची हालचाल कधी झाली" ती वेळ त्या रेफरन्समधून लिहितो. तिसरं कनेक्शन, म्हणजे १२८ बाइट सोडून, त्यात वेळेचा रकाना ४० बाइटवर, १६८. रिपोर्टमधला आकडा बरोब्बर.

आणि लॉगरचा ह्यात संबंध काय, तर नवीन कनेक्शन उघडल्यावर आणि वेळ लिहिण्याच्या आधी मध्ये एक लॉगची ओळ होती. लॉगर रेकॉर्डसाठी मेमरी मागतो. रेकॉर्डची साइझ योगायोगाने त्याच मापात बसली तर मॅलॉक, म्हणजे मेमरी वाटणारं फंक्शन, नुकताच मोकळा झालेला तुकडाच हातात देतो, कारण शेवटी ठेवलेला पहिला उचलणं हे त्याच्यासाठी सर्वात स्वस्त. आता तो तुकडा कायदेशीरपणे लॉगरचा झाला. पुढच्याच क्षणी हँडलर त्यात १६८ व्या बाइटवर वेळ लिहून मोकळा होतो, आणि लॉगरच्या रेकॉर्डमध्ये नेमका तिथे पॉइंटर होता. हे सगळं कळल्यावर मी जुन्या कोअर डंपमधला तो विचित्र आकडा दशमानात करून बघितला, १९ अंकी, १७ ने सुरू होणारा. १९७० पासूनचे नॅनोसेकंद. क्रॅशच्या काही मिलिसेकंद आधीची वेळ आमच्या डोळ्यासमोर तीन आठवडे लिहिलेली होती आणि आम्ही तिला पत्ता समजत होतो.

दुरुस्ती दोन ओळींची. रेफरन्स धरून ठेवायचा नाही, आयडी धरायचा, आणि नवीन कनेक्शन उघडल्यानंतर पुन्हा शोधून घ्यायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की मेमरीच्या बगमध्ये महाग काय पडतं तर चूक आणि लक्षण ह्यांच्यातलं अंतर. चूक स्वतः साधी असते, बघितल्यावर कुणीही ओळखेल. पण ती हँडलरमध्ये होते आणि दिसते लॉगरमध्ये, दुसऱ्या थ्रेडवर, दुसऱ्या फाइलमध्ये, दुसऱ्या माणसाच्या नावावर. चोर सोडून संन्याशाला फाशी. एसॅन हे अंतर शून्य करतं, जिथे चूक तिथेच प्रोग्रॅम थांबतो, आणि ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला इतके वरचे गुण देतोय. मेमरीवरचं बाकी सगळं संशोधन सुद्धा मला आता ह्याच मापाने बघायची सवय लागलीय.

आतून ते काय करतं हे समजून घेतलं तर त्याच्या मर्यादा पण आपोआप कळतात म्हणून थोडक्यात सांगतो. गुगलमधल्या कॉन्स्टँटिन सेरेब्र्यानी आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा युसेनिक्सच्या परिषदेतला पेपर आहे, लिहिलेला सोपा आहे, जमलं तर मूळ वाचा. कल्पना अशी की तुमच्या मेमरीच्या दर ८ बाइटमागे १ बाइट वेगळा ठेवायचा, त्याला शॅडो म्हणतात. पत्ता तीन बिट उजवीकडे सरकवा, एक ठरलेला आकडा मिळवा, झाला शॅडोचा पत्ता, टेबल नाही शोधाशोध नाही. शॅडोमध्ये शून्य असेल तर आठही बाइट वापरायला मोकळे, १ ते ७ असेल तर पहिले तेवढेच, आणि ऋण असेल तर हात लावायचा नाही. कंपाइलर प्रत्येक वाचण्या-लिहिण्याआधी हा चेक घालतो. एसॅन प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून ती "विषारी" करून ठेवतं, म्हणजे ॲरेच्या काठाबाहेर एक पाऊल टाकलं की लगेच कळतं. स्टॅकवरच्या आणि ग्लोबल ॲरेंना पण हेच करतं.

आणि फ्री केलेला तुकडा लगेच परत वापरायला देत नाही. तो विलगीकरणात जातो, डीफॉल्ट २५६ एमबी भरेपर्यंत. आमचा बग पकडला गेला तो ह्याच्यामुळे. लॉगरला दुसरी जागा मिळाली, जुनी जागा फ्री म्हणून खूण लावून तशीच पडून राहिली, आणि हँडलरने तिथे लिहायला हात घातला. रिपोर्टच्या खालच्या भागात शॅडोचा नकाशा येतो, त्यात ती जागा स्वच्छ दिसत होती, एफडी एफडी एफडी असं सलग ६४ वेळा, म्हणजे मोकळी केलेली हीप, आणि त्यातलं एकच चौकटी कंसात. बरेच लोक हा नकाशा न बघताच स्क्रोल करतात. बघत जा, एफए आला तर काठाबाहेर, एफडी आला तर फ्री नंतर, एका नजरेत कळतं.

पेपरमध्ये सरासरी ७३ टक्के हळू आणि ३.४ पट मेमरी असे आकडे दिलेत, आमचा अनुभव साधारण तसाच, टेस्टला आधी जेवढा वेळ लागायचा त्याच्या दुपटीच्या आत भागतं. क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोम ब्राउझरच्या ओपन सोर्स कोडमध्ये, आधी कुणालाच माहिती नसलेले ३०० च्या वर बग त्यांनी त्याने शोधले होते. आणि खोटी तक्रार जवळपास नसतेच. इतक्या दिवसात आमच्याकडे जेवढे रिपोर्ट आले ते सगळे खरे निघाले, एकदा तर दोन दिवस भांडलो की हे एसॅनचं चुकतंय, नव्हतं चुकत.

व्हॅलग्राइंड ह्या जुन्या मेमरी तपासणाऱ्या टूलशी तुलना सगळे विचारतात. ज्युलियन सेवर्ड यांनी सुरू केलेलं, २००२ पासून आहे, आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. त्याचं मेमचेक पुन्हा कंपाइल न करता चालतं, सोर्स नसलेल्या लायब्ररीवर पण चालतं, आणि न भरलेली व्हॅल्यू वापरली तर बिटच्या पातळीवर पकडतं, जे एसॅन अजिबात करत नाही. पण ते २० ते ३० पट हळू होतं आणि थ्रेड एका वेळी एकच चालवतं. आमच्या सर्व्हिसमध्ये टाइमआउट आहेत. व्हॅलग्राइंडखाली सगळेच टाइमआउट उडायला लागले, खरा प्रकार घडायच्या आधीच. छोट्या, एका थ्रेडच्या प्रोग्रॅमला मी अजूनही आधी व्हॅलग्राइंड लावतो. स्टॅकवरच्या ॲरेच्या बाहेर गेलात तर मात्र ते बहुतेक वेळा गप्प बसतं, हे लक्षात ठेवा.

आता तो अर्धा गुण.

पहिलं ते वर आलंच, न चाललेला कोड त्याला दिसत नाही. त्यामुळे एसॅन एकटं वापरू नका, फझरसोबत लावा. फझर म्हणजे उलटसुलट इनपुट बनवून कोडच्या कानाकोपऱ्यात घुसणारं टूल, आणि एसॅन म्हणजे तिथे चूक झाली की ओरडणारं, दोघं मिळून खरी मजा. २०१४ चा हार्टब्लीड आठवतोय ना, ओपनएसएसएल ह्या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत समोरच्याने सांगितलेली लांबी तशीच मानून ६४ केबीपर्यंत मेमरी बाहेर पाठवली जायची. लिबफझर हा फझर शिकताना सरावाला हाच बग देतात, जुना कोड घ्यायचा, एसॅन लावायचा, फझर सोडायचा, आणि तो बग पटकन समोर येतो. जगभरच्या सर्व्हरवर दोन वर्षं बसून होता तोच बग. गुगलने २०१६ ला ओपन सोर्स प्रोजेक्ट्ससाठी ओएसएस-फझ सुरू केलं ते ह्याच जोडीवर.

दुसरं, एकाच स्ट्रक्टच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या रकान्यांच्या, आतल्या आत काठाबाहेर गेलात तर त्याला दिसत नाही. १६ अक्षरांचा ॲरे आणि त्याला चिकटून एक पॉइंटर असेल आणि तुम्ही सतरावं अक्षर लिहिलं तर ते पॉइंटरवर पडतं, पण तुकडा तोच असल्यामुळे शॅडोच्या हिशेबाने सगळं कायदेशीर. आम्हाला ह्याचा फटका बसलाय आणि तो बग शेवटी कोड वाचूनच सापडला. तसंच काठापासून एक पाऊल बाहेर गेलात तर पकडेल, पण इंडेक्स इतका भलताच असेल की मधली विषारी पट्टी ओलांडून थेट दुसऱ्या जिवंत तुकड्यात पडलात तर नाही पकडणार. विलगीकरणाचं पण तेच, खूप मेमरी घेणाऱ्या-सोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये २५६ एमबी लवकर भरतात आणि जुना तुकडा परत वापरात येतो, मग उशिरा झालेला वापर सुटून जातो. हा आकडा वाढवता येतो, मेमरी असेल तर वाढवा.

तिसरं म्हणजे स्वतःचा मेमरी पूल. परफॉर्मन्ससाठी अनेक जण एकदाच मोठा तुकडा घेऊन त्यातून आपले आपण वाटप करतात. एसॅनला तो एकच अखंड तुकडा दिसतो, आत काय चाललंय त्याचा त्याला पत्ता नाही. ह्यावर उपाय आहे, पूलमधली जागा परत आली की ती विषारी कर आणि दिली की मोकळी कर असे दोन मॅक्रो आहेत, ते स्वतः बोलावायचे. आम्ही ते केलं, एका दुपारचं काम होतं, आणि दुसऱ्याच दिवशी एक बग निघाला. पण हे डॉक्युमेंटेशनमध्ये इतकं आत लपलंय की नवीन माणसाला सापडणं अवघड, हे मला खरंच खटकतं.

बाकी किरकोळ कटकटी पटापट सांगतो. सिम्बोलायझर, म्हणजे पत्त्यावरून फाइल आणि ओळ शोधणारा प्रोग्रॅम, पाथमध्ये नसेल तर फाइल आणि ओळीऐवजी नुसते हेक्स आकडे येतात आणि माणूस घाबरतो. व्हर्च्युअल मेमरी टेराबाइटच्या घरात दिसते, ती खरी वापरलेली नसते पण ज्या मशीनवर व्हर्च्युअल मेमरीवर मर्यादा घातलीय तिथे प्रोग्रॅम सुरूच होत नाही. डिबगरखाली चालवलं तर लीक (घेऊन परत न केलेली मेमरी) शोधणारा भाग चालत नाही. थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडमधल्या टकरी शोधणारा) आणि हे एकाच बिल्डमध्ये बसत नाहीत, म्हणजे सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या सिस्टिमवर) दोन वेगळे बिल्ड लागतात. न भरलेल्या व्हॅल्यूसाठी मेमरी सॅनिटायझर वेगळा, तो फक्त क्लँगमध्ये, आणि त्याला सगळ्या लायब्ररीज त्याच फ्लॅगने बांधलेल्या लागतात, तो आम्ही प्रयत्न करून सोडून दिला.

आणि प्रॉडक्शनवर हे लावू नका. हा सुरक्षेचा कवच म्हणून बनवलेलाच नाही, बग शोधायला बनवलाय. प्रॉडक्शनसाठी त्याची भावंडं आहेत. जीडब्ल्यूपी-एसॅन हजारो ॲलोकेशनमधलं एखादंच उचलून त्याच्याभोवती बंद पानं, म्हणजे हात लावताच क्रॅश होणारे मेमरीचे भाग, लावतो, एकेका मशीनवर फारसं काही सापडत नाही पण लाखो फोनवर चालला की सापडतं, आणि खर्च जाणवत नाही. बंद पानं लावायची ही युक्ती मूळ ब्रूस पेरेन्स यांच्या इलेक्ट्रिक फेन्सची, १९८७ ची, तेव्हा प्रत्येक ॲलोकेशनला लावायचे म्हणून मेमरी पुरायची नाही. दुसरं हार्डवेअरवालं. आर्मच्या प्रोसेसरमध्ये मेमरी टॅगिंग आलंय, दर १६ बाइटला ४ बिटांचा रंग आणि पॉइंटरलाही तोच रंग, जुळला नाही की चूक. रंग सोळाच, म्हणजे नशिबाने जुळून जाण्याची शक्यता सोळात एक राहतेच, पण हल्लेखोराला सोळातल्या पंधरा वेळा क्रॅश पडणार असेल तर तो लपून राहू शकत नाही. हे मी स्वतः अजून कामात वापरलं नाही म्हणून त्याला गुण देत नाही.

आता भाषांबद्दल. आमचा बग मी घरी पंधरा-वीस ओळींत उतरवून वेगवेगळ्या भाषांमध्ये लिहून बघितला, आणि ह्यातून मला जे कळलं ते कुठल्याही लेखातून कळलं नव्हतं.

गो मध्ये लिहिला. गो मध्ये गार्बेज कलेक्टर आहे, म्हणजे कुणाचा तरी पॉइंटर जिवंत असेपर्यंत जुनी जागा जात नाही. क्रॅश नाही, लॉगर सुरक्षित, कुणाच्याही मेमरीवर कुणी लिहिलं नाही. पण अपेंड केल्यावर (शेवटी जोडल्यावर) स्लाइस, म्हणजे गोचा वाढता ॲरे, नव्या जागी गेली आणि माझा पॉइंटर जुन्या ॲरेकडेच राहिला, त्यामुळे वेळ लिहिली गेली ती जुन्या प्रतीत, आणि नव्या प्रतीत जुनीच वेळ राहिली. प्रोग्रॅम शांतपणे चालू. खऱ्या सर्व्हिसमध्ये असं झालं असतं तर चालू कनेक्शन निष्क्रिय समजून बंद केलं गेलं असतं आणि आम्ही नेटवर्कवाल्यांशी भांडत बसलो असतो. मॅकार्थी यांच्या १९६० च्या लिस्पच्या पेपरपासून गार्बेज कलेक्शन आहे, एक अख्खा प्रकारचा बग त्याने जगातून कमी केलाय आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण मेमरी सुरक्षित असणं म्हणजे प्रोग्रॅम बरोबर असणं नव्हे. फुकटही नाही, हर्ट्झ आणि बर्गर यांनी २००५ ला मोजलं होतं की पाचपट मेमरी दिली तर कलेक्टर हाताने फ्री करण्याच्या बरोबरीने पळतो, तीनपट दिली तर सरासरी १७ टक्के मागे, दुप्पटच दिली तर ७० टक्के मागे. ते आकडे तेव्हाच्या जाव्हाच्या कलेक्टरांचे आहेत, आजचे वेगळे येतील, पण मेमरी देऊन वेग विकत घ्यायचा हा व्यवहार तोच आहे.

रस्टमध्ये लिहिला आणि तो कंपाइलच झाला नाही. कंपाइलरने व्हेक्टरमधल्या एकाला इथे उधार घेतलंय अशी रेघ मारली, त्याच व्हेक्टरला इथे बदलायचा प्रयत्न करताय अशी दुसरी रेघ, आणि ती पहिली उधारी इथे खाली पुन्हा वापरताय अशी तिसरी. मी ते बघून थोडा वेळ तसाच बसलो. एसॅनच्या रिपोर्टमधले तीन स्टॅक आणि ह्या तीन रेघा, गोष्ट तीच आहे, कुणी धरलं, कुणी हलवलं, कुणी नंतर वापरलं. फरक एवढाच की इथे वीस कनेक्शनची टेस्ट लिहावी लागली नाही, प्रोग्रॅम एकदाही चालवावा लागला नाही. ह्याच्यामागे १९८७ चं जिरार यांचं लिनियर लॉजिक आहे, रीजनवरचं, म्हणजे मेमरी गटागटाने सांभाळण्यावरचं, नव्वदच्या दशकातलं काम आहे, सायक्लोन नावाची सी ची सुरक्षित बहीण आहे, हे सगळं कित्येक वर्षं पेपरांमध्येच होतं आणि २०१५ ला रस्ट १.० आल्यावर सामान्य प्रोग्रॅमरच्या हातात पडलं. २०१८ ला रस्टबेल्ट ह्या संशोधन प्रकल्पवाल्यांनी भाषेच्या गाभ्यासाठी हे खरंच टिकतं असं गणिताने सिद्धही केलं, आणि अनसेफ, म्हणजे कंपाइलरचे काही चेक बाजूला ठेवणारा कोड, वापरणाऱ्या लायब्ररीने नेमकं काय पाळलं पाहिजे ते पण मांडलं.

मग एसॅनचा रिव्ह्यू कशाला लिहितोय असं कुणी विचारेल. कारण आमच्याकडे सी प्लस प्लसचा जो कोड आहे तो उद्या सकाळी रस्ट होणार नाहीये, आणि तुमचाही होणार नाही. मायक्रोसॉफ्टने २०१९ ला सांगितलं होतं की त्यांच्याकडे दर वर्षी निघणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी साधारण ७० टक्के मेमरीच्या असतात, क्रोमियमचा आकडाही गंभीर बगसाठी तेवढाच आला. अँड्रॉइडमध्ये २०१९ ला ७६ टक्के होता तो २०२४ ला २४ वर आला, आणि त्यांनी जुना कोड पुन्हा लिहून काढला नाही, नवीन कोड सुरक्षित भाषांत लिहायला घेतला, जुन्यातले बग काळाबरोबर सापडत आणि कमी होत गेले. हे सापडत गेले ते आपोआप नाही सापडत. त्यासाठी कुणीतरी रोज रात्री सॅनिटायझर आणि फझर चालवत बसलेलं असतं. आणि रस्टमध्ये अनसेफ लिहिलंत किंवा सी ची लायब्ररी जोडलीत तर तिथेही एसॅन चालतो, नाइटली म्हणजे रोज निघणाऱ्या प्रायोगिक कंपाइलरवर.

आमच्याकडे आता प्रत्येक मर्जच्या आधी एसॅनचा बिल्ड पास व्हावाच लागतो, थ्रेडवाला रोज रात्री. सुरुवातीचे दहा-बारा दिवस त्रास झाला कारण जुने बग एकामागोमाग एक बाहेर आले, तेवढी तयारी ठेवा आणि मॅनेजरला आधीच सांगून ठेवा की आकडा आधी वाढेल. पहिल्या महिन्यात आमच्याकडे चौदा निघाले, त्यातले सहा टेस्टच्याच कोडमध्ये होते.

लॉगरमध्ये त्या तीन आठवड्यांत घातलेले सगळे जादा चेक आणि पुन्हा लिहिलेली रांग आम्ही काढून टाकली, तिची मूळची आवृत्ती परत आणली. ती कमिट मी केली नाही, तिलाच करू दिली, आणि मेसेजमध्ये तिने एसॅनचा तो रिपोर्ट पूर्णच्या पूर्ण चिकटवला, तीनही स्टॅकसकट.